एमलिनला कोणी पाठवलं

पेंटरे,
सोमवार, ७ मार्च १९८८

प्रिय एलुनेड,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तू, काती आणि तुझ्या सासूबाई तिघी बऱ्या असाल असं धरून चालते. अ‍ॅबरिस्टविथच्या त्या खाऱ्या वाऱ्याने सासूबाईंचे गुडघे जास्तच धरत असतील. त्यांना माझी आठवण सांग.

इकडे सगळं नेहमीसारखं. शेजारच्या इडवालच्या मेंढ्या व्यायल्यात. एका मेंढीने आपलं पिल्लू जवळच घेतलं नाही, ते इडवालने माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलंय. शेगडीपाशी खोक्यात झोपतं, बाटलीने दूध पितं. परवा त्याने गेथिनची टोपी चघळून टाकली. मी हसले, गेथिन हसला नाही. टोपी धुऊन दोरीवर घातली आणि कामावर गेला.

सेंट डेव्हिडच्या सणाच्या दिवशी चॅपलमध्ये सूप आणि गाणी झाली. कातीच्या वयाच्या सगळ्या मुली काळ्या उंच टोप्या घालून आल्या होत्या, मला तिचीच आठवण येत होती. गेथिन गायला नाही. घसा बसलाय म्हणाला. गेल्या वर्षीही बसला होता. पाळक मला बाजूला घेऊन म्हणाले, "नेरिस, आमचा खर्जातला आवाज कुठे हरवला गं?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

म्हातारा प्रोथेरो मागच्या आठवड्यात घरी येऊन गेला. वर्कशॉपचा मालक आपल्या घरी येतो तो ख्रिसमसला, एरवी नाही. हातात हॅमचा मोठा तुकडा होता. मला म्हणाला, "बाईसाहेब, नवऱ्याला नीट खाऊपिऊ घाला, फार वाळलाय." मग दोघं अंगणात उभे राहून बराच वेळ बोलत होते. खिडकीतून मला फक्त प्रोथेरोचा हात दिसत होता, गेथिनच्या खांद्यावर ठेवलेला. गेथिनने त्या हॅमला शिवलं नाही. शेवटी मीच इडवालकडे पाठवून दिलं.

तुझ्या पत्रातलं बाकीचं मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तुझ्या भरपाईच्या दाव्यावर प्रोथेरोच्या कंपनीच्या वकिलाचं म्हणणं तू जसंच्या तसं उतरवून पाठवलंस ते बरं केलंस. त्या दिवशी एमलिनला म्हणे कोणीही कामावर पाठवलं नव्हतं. दुरुस्तीला आलेला लष्कराचा ट्रक तो कोणाला न विचारता, स्वतःच्या कामासाठी घेऊन गेला. बुल्खच्या घाटात तो उलटला, तेव्हा ट्रकच्या मागे मुलीची सायकल सापडली, ती आणायलाच तो गेला होता. म्हणून त्याच्या मरणाची जबाबदारी कंपनीवर येत नाही. असं लिहिताना त्या माणसाचा हात कसा चालला असेल कोण जाणे. एमलिन चॅपलच्या पेटीतला खडूसुद्धा न विचारता उचलायचा नाही.

आणि काती आजीला म्हणाली म्हणतेस, "मी सायकल मागितली नसती तर बाबा आज असते." ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे घालायला बाहेर गेले. दाणे सकाळीच घालून झाले होते.

एलुनेड, ती सायकल मी ठरवली होती. घाटापलीकडच्या मिसेस पॅरींची नात मोठी झाली, सायकल तशीच पडून होती, मीच त्यांना म्हटलं आमच्या कातीला द्या. तेव्हा कोणाच्या बोलण्याने काय झालं हे शोधायला बसलो तर कातीच्या आधी माझं नाव येईल. हे तिला सांग. तिला पटणार नाही, तरी सांग.

तू शेवटी विचारलंस, 'गेथिन फोरमन आहे, त्याला विचार, त्या दिवशी एमलिनला कोणी पाठवलं?' मी विचारलेलं नाही. खरं सांगते, विचारायला तोंड उघडते आणि भलतंच बोलते. काल विचारायला गेले आणि म्हणाले, "चहा घेणार का?" तो म्हणाला, "घेतो."

मला भीती वाटते. कशाची ते आज लिहीत नाही.

तुझी,
नेरिस


पेंटरे,
सोमवार, १६ मे १९८८

प्रिय एलुनेड,

या पत्रात खुशाली नाही. बसून वाच, आणि काती शाळेतून यायच्या आत वाच.

मी विचारलं.

काल चॅपलहून आल्यावर गेथिन बटाटे सोलत बसला होता. हल्ली रविवारी तो असं काही ना काही हातात घेऊन बसतो. मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "गेथिन, एमलिनला कोणी पाठवलं?"

तो सोलतच राहिला. म्हणाला, "कोण विचारतंय? तू की एलुनेड?"

"काती विचारतेय," मी म्हटलं. "तिला वाटतं तिच्या सायकलपायी बाप मेला."

त्याने सुरी खाली ठेवली. ही गोष्ट मी त्याला आजवर सांगितली नव्हती. त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तो म्हणाला, "मी पाठवलं. दुसरं कोण पाठवणार?"

त्याने सांगितलं तसं लिहिते. ट्रकचे ब्रेक नवे बसवले होते. ब्रेकचं काम झालं की गाडी आधी लष्कराच्या कॅम्पमधल्या सपाट रस्त्यावर फिरवून बघायची असा वर्कशॉपचा नियम आहे. पण त्या दिवशी कॅम्पात गोळीबाराचा सराव होता, लाल निशाणं लागली होती, फाटक बंद. आणि लष्कराला तो ट्रक संध्याकाळी हवाच होता. प्रोथेरो दुपारी येऊन सांगून गेला, "आज गाडी गेली नाही तर पुढचं काम आपल्याला मिळत नाही. कसं करायचं ते तू बघ." गेथिनने बघितलं. एमलिनला म्हणाला, घाटावरून एक फेरी मारून ये. एमलिन म्हणाला, घाट कशाला, खालच्या रस्त्याने जातो. गेथिन म्हणाला, खालच्या रस्त्यावर ब्रेकचं काय कळणार. आणि मग एमलिन गाडीत चढत असताना गेथिनच म्हणाला, जातोच आहेस तर मिसेस पॅरींकडून कातीची सायकल उचल.

एलुनेड, सायकलचंसुद्धा एमलिनच्या मनात नव्हतं. ते गेथिनने सांगितलं.

येताना त्या लांब उतारावर ब्रेक तापले आणि धरेनासे झाले. पुढचं तुला माहीत आहे.

तू मला अंत्यविधीनंतर विचारलं होतंस, गेथिनने खांदा का दिला नाही, फाटकापाशी येऊन मागे का सरला. मी तेव्हा म्हटलं, त्याची पाठ धरलीय. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं. म्हणजे, वाटून घेतलं होतं.

मी त्याला ओरडले. इतकी ओरडले की इडवालचं कुत्रं भुंकायला लागलं. दीड वर्ष तू माझ्या शेजारी झोपतोस आणि माझ्या बहिणीला लोक चोराची बायको म्हणतात ते ऐकतोस, असं म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "मला वाटलं होतं कोणी विचारेल. पहिल्या दिवशी प्रोथेरोने विचारलं नाही. मलाच सांगितलं, तो स्वतःहून गेला ना रे? मी गप्प बसलो. गप्प बसलो ते हो झालं."

आता त्याला दोन्हीकडून दाबतायत. प्रोथेरो म्हणतो, तू तोंड उघडलंस तर कॅम्पचं काम जाईल, अर्ध्या पेंटरेचं पोट त्यावर आहे. आणि कंपनीच्या वकिलाने त्याला बोलावून सांगितलं की नियम मोडून तुम्ही पाठवलंत तर दोष तुमचा एकट्याचा, तुमचं घर विकायची पाळी येईल. खरं आहे का हे? तुझ्या वकीलबाई मिस बेव्हन यांना विचार. आणि खरं असलं तरी त्यांना हे सगळं सांग. गेथिनला साक्षीला बोलवायला सांग.

मी तुला लिहिणार हे मी त्याला सांगितलंय. चोरून लिहीत नाही. तो म्हणाला, "लिही." मग मी विचारलं, "बोलावलं तर कोर्टात सांगशील?" त्याने सुरी पुन्हा उचलली. म्हणाला, "माहीत नाही."

तो बोलला नाही तर मी उभी राहीन. नवऱ्याने मला स्वयंपाकघरात काय सांगितलं ते परक्या माणसांसमोर सांगेन. ते सांगून झाल्यावर मी कोणत्या घरी परत येणार ते मला माहीत नाही, पण सांगेन.

तू याचं उत्तर लिहिलं नाहीस तरी मी समजेन. त्याला शिव्या द्यायच्या असतील तर मला दे, मी पोचवीन. फक्त कातीला आज, आत्ता सांग की ती सायकल तिच्या बाबांनी कामाच्या वाटेवर उचलली होती. कोण म्हणालं विचारलं तर माझं नाव सांग.

तुझीच धाकटी,
नेरिस


पेंटरे,
शनिवार, १९ नोव्हेंबर १९८८

प्रिय एलुनेड,

निकाल तुला मिस बेव्हननी त्याच दिवशी कळवला असेल. तरी हे पत्र लिहितेय, कारण तू तुझी साक्ष झाल्यावर कोर्टातून बाहेर पडलीस ती परत आत आली नाहीस. बरोबर केलंस. गेथिन उभा राहिलेला तुला बघवला नसता. पण तो काय बोलला ते तुला वकिलांच्या भाषेत कळू नये, माझ्याकडून कळावं.

कार्डिफला आम्ही बसने गेलो. सकाळी त्याने काही खाल्लं नव्हतं. काय सांगणार आहेस असं मी विचारलं नाही, कारण विचारलं आणि त्याने पुन्हा 'माहीत नाही' म्हटलं असतं तर मी तिथेच उतरले असते. मी माझ्या मनात माझीच साक्ष घोकत होते.

कोर्टाच्या दारात प्रोथेरो उभा होता. मला टोपी काढून नमस्कार केला. गेथिनला म्हणाला, "पोरा, नीट विचार करून बोल." प्रोथेरोने त्याला कामाला लावलं तेव्हा त्याला दाढीही फुटली नव्हती, अजून पोराच म्हणतो.

गेथिनचं नाव पुकारलं. शपथ इंग्रजीत की वेल्शमध्ये, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वेल्शमध्ये. साक्षही वेल्शमध्येच देतो." कंपनीच्या वकिलाच्या कपाळाला आठी पडली. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्हाला इंग्रजी येत नाही का? गेथिन म्हणाला, "येतं साहेब. पण एमलिनशी मी त्या दिवशी वेल्शमध्ये बोललो. तेच शब्द सांगायचे तर त्याच भाषेत सांगितले पाहिजेत."

मग दुभाषा आणला. तेवढा वेळ तो तिथे उभाच होता. खुर्ची होती, बसला नाही.

मिस बेव्हननी आपल्या बाजूने उभ्या केलेल्या बॅरिस्टरांनी विचारलं, एमलिनला ट्रक घेऊन कोणी पाठवलं? आणि एलुनेड, त्याने ते शब्द म्हटले. जसेच्या तसे. "एमलिन, बुल्खवरून एक फेरी मार. खालच्या रस्त्यावर ब्रेकचं काय कळणार." आवाज चॅपलमध्ये यायचा तसा आला, खालून, भरून. दुभाषा क्षणभर इंग्रजी करायचं विसरला. मग गेथिनने सायकलचंही सांगितलं. "मिसेस पॅरींचं घर रस्त्यालाच लागून आहे. गाडी वळवायचीही गरज नव्हती. त्याच्या ध्यानीमनी नव्हतं, मी सांगितलं."

मग कंपनीचा वकील उठला. चांगला शिकलेला, मऊ बोलणारा माणूस. म्हणाला, "अशी गाडी घाटात न्यायची नाही असा वर्कशॉपचा नियम होता ना?"

"होता."

"तो तुम्ही मोडलात?"

"मोडला."

"मालकाने घाटात पाठवा असं सांगितलं होतं?"

"नाही. संध्याकाळपर्यंत गाडी गेली पाहिजे असं सांगितलं होतं."

"म्हणजे घाटात पाठवणं हे तुमचं स्वतःचं, खासगी कृत्य."

गेथिनने जरा विचार केला. मग तो म्हणाला, "ट्रक माझा नव्हता. एमलिन माझा नोकर नव्हता. मी त्याला माझ्या परसात माती टाकायला पाठवलं नव्हतं. मला फोरमन केलं ते प्रोथेरोंनी. वर्कशॉपच्या अंगणात मी जा म्हटलं की माणूस जातो, ते मी गेथिन आहे म्हणून नाही."

वकील पुढे बरंच बोलला, पण न्यायाधीश तोवर लिहायला लागले होते.

निकालाच्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी सोप्या करून सांगितल्या. फोरमनने चुकीचा हुकूम दिला तरी तो कंपनीच्या कामासाठी दिलेला कंपनीचाच हुकूम असतो. आणि कामावर निघालेल्या माणसाने वाटेवरची एक वस्तू उचलली म्हणून त्याचं काम खासगी होत नाही. म्हणून एमलिन कामावर होता, आणि त्याच्या मरणाला कंपनी जबाबदार आहे. 'एमलिन कामावर होता' हे ते म्हणाले तेव्हा मी मागे वळून तुला शोधलं. तू नव्हतीस. म्हणून इथे लिहिलं.

बाहेर मिस बेव्हन गेथिनला म्हणाल्या, "आता मनावर घेऊ नका. जबाबदारी कंपनीची ठरली, तुमची नाही. तुमच्या घराला कोणी हात लावणार नाही." गेथिनने त्यांचे आभार मानले. बसमध्ये बसल्यावर मला म्हणाला, "जबाबदारी कोणाच्याही नावावर चढू दे. त्याला जा म्हणालो तो मीच." त्याचा हात हातात घ्यावा की नाही ते ठरेना. शेवटी घेतला.

लष्कराचं काम प्रोथेरोच्या हातून गेलं. वर्कशॉप अजून चालू आहे, पण निम्म्या माणसांना घरी बसवलंय, आणि गेथिनला सगळ्यात आधी. प्रोथेरोने स्वतः येऊन सांगितलं, यावेळी हात रिकामे होते. दारातच उभा राहिला. म्हणाला, "तू खोटं बोललास असं मी कधी म्हणणार नाही. पण माझ्या अंगणात तू आता मला दिसायला नकोस." मग जाता जाता थांबला आणि म्हणाला, "कसं करायचं ते तू बघ, असं मी म्हटलं होतं. ते तू सांगितलं नाहीस कोर्टात." गेथिन म्हणाला, "मला कोणी विचारलं नाही." म्हातारा मान खाली घालून गेला. त्याला राग आला होता की दुसरं काही, ते मला कळलं नाही.

खाटकाच्या दुकानात बायका माझ्याशी बोलत नाहीत. एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "बहिणीचं भलं झालं, आमच्या चुली विझल्या." मी मांस घेऊन घरी आले. रात्रीच्या जेवणाला ते शिजवलं आणि दोघांनी खाल्लं. पूर्वी मी तिथेच रडले असते. इडवाल मात्र येतो, बसतो. गेथिन सध्या त्याचा ट्रॅक्टर दुरुस्त करतोय, आणखी कोणाकोणाचे येतील.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते लिहिते. तीन वेळा टाळलं.

तू मे महिन्यानंतर मला दोनच ओळी पाठवल्यास. 'कातीला सांगितलं. ती म्हणाली, नेरिसमावशीला कसं माहीत, ती तिथे होती का?' त्या ओळी मी गेथिनला वाचून दाखवल्या होत्या. तेव्हापासून ते त्याच्या डोक्यात आहे. काल जेवताना म्हणाला, "पोरगी बरोबर विचारते. तिथे मी होतो."

त्याला कातीला भेटायचंय. तुझी क्षमा मागायला नाही, ती मागायचा हक्क आपल्याला नाही असं तो म्हणतो, आणि मीही तुझ्याकडे ती मागत नाही. तू त्याच्याशी बोललं पाहिजेस असंही नाही. त्याला फक्त तिच्यासमोर बसायचंय. मी विचारलं, काय सांगशील तिला? एवढ्याशा मुलीला कोर्टासारखं नाही सांगता येणार. तो म्हणाला, "एवढंच सांगेन. तुझे बाबा कामावर होते. मी पाठवलं होतं. ते नको म्हणत होते, तरी मी पाठवलं." मी म्हटलं, ती तुझा द्वेष करायला लागेल. तो म्हणाला, "करू दे. स्वतःचा करते त्यापेक्षा बरं."

पुढच्या शनिवारी आम्ही सकाळच्या गाडीने येतोय. तुझ्या दारात येणार नाही. समुद्राकडच्या रस्त्यावर, बाकांपाशी थांबू. तुला योग्य वाटलं तर तिला घेऊन ये, किंवा सासूबाईंबरोबर पाठव. नाही आलात तर आम्ही दुपारी परत फिरू, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ. तो म्हणतो, तो येत राहील. मी त्याला ओळखते, तो येईल.

त्याचीही, पण त्याच्याआधी तुझी,
नेरिस